ख्रिस्ती श्रद्धेतील ईश्वरस्तुतीचा अर्थ : महाराष्ट्रातील संदर्भांसह

प्रस्तावना

आंबेगाव तालुक्यातील शिनोली व तिच्या सभोवतालचा जुन्नर-आंबेगावचा प्रदेश वारकरी परंपरेच्या निकट सान्निध्यात आहे. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे तुकाराम महाराजांचे गुरू मानल्या जाणाऱ्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, तर आळे येथे ज्ञानेश्वरांच्या कथेतील रेड्याची. अशा प्रदेशात ईश्वराचे गुणगान ही अपरिचित गोष्ट नाही. तथापि ख्रिस्ती उपासनेतील स्तुतीचा विचार करताना एक प्रश्न सहज उद्भवतो. जो ईश्वर स्वयंपूर्ण आहे त्यास माणसाच्या स्तुतीची गरज काय? आणि गरज नसेल, तर ती स्तुती हा खुशामतीचाच एक धार्मिक प्रकार ठरत नाही काय? या प्रश्नाचे ख्रिस्ती परंपरेने दिलेले उत्तर व महाराष्ट्रातील ख्रिस्ती व्यक्तींच्या जीवनात त्यास आलेले मूर्तरूप यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्तुती : संज्ञा व स्वरूप

ख्रिस्ती स्तुतीचे मूळ ‘जुन्या करारा’तील स्तोत्रसंहितेत आहे. १५० स्तोत्रांच्या या ग्रंथास इब्री भाषेत ‘तेहिल्लीम’, म्हणजे ‘स्तवने’, असे नाव आहे. जगभरच्या ख्रिस्ती उपासनेत उच्चारला जाणारा ‘हालेलूया’ हा शब्दही इब्रीच असून ‘परमेश्वराचे स्तवन करा’ असा त्याचा अर्थ होतो. ते ईश्वरास उद्देशून काढलेले उद्गार नसून सोबतच्या माणसांना केलेले आवाहन आहे, हे लक्षणीय होय. स्तुती ही मूलतः सामुदायिक कृती आहे, हे यावरून स्पष्ट होते.

याच ग्रंथात वारंवार येणाऱ्या ‘यादा’ या क्रियापदाचा अर्थ आभार मानणे असा आहे, तसाच कबूल करणे असाही आहे. मराठी ख्रिस्ती भाषेतील ‘उपकारस्मरण’ व ‘उपकारस्तुती’ या संज्ञा हा आशय नेमका व्यक्त करतात. ईश्वराच्या अमूर्त गुणांपेक्षा त्याने केलेल्या कृतींचे स्मरण येथे अधिक महत्त्वाचे ठरते. इस्राएल लोकांची मिसर देशाच्या दास्यातून झालेली सुटका हा जुन्या करारातील स्तुतीचा एक प्रमुख विषय आहे, तर ख्रिस्ताचे जीवन, मरण व पुनरुत्थान हा नव्या करारातील. थोडक्यात, जे लाभले ते आपल्या कर्तृत्वाचे फळ नसून देणगी आहे, अशी प्रकट कबुली म्हणजे स्तुती होय.

स्तुती कोणासाठी?

खुशामतीची शंका बायबलला अपरिचित नाही. पन्नासाव्या स्तोत्रात ईश्वर बलिदानांची गरज नाकारतो. सर्व सृष्टी त्याचीच असल्याने भूक लागली तरी तो माणसाकडे मागणार नाही, असा त्या स्तोत्राचा आशय आहे. तेराव्या शतकातील तत्त्ववेत्ते थॉमस अक्वायनस यांनीही हीच भूमिका घेतली. त्यांच्या मते वाणीने केलेल्या स्तुतीने ईश्वरास नवे काही कळत नाही किंवा मिळत नाही. स्तुती करणाऱ्याचे व ऐकणाऱ्यांचे अंतःकरण मात्र तिने ईश्वराकडे वळते.

विसाव्या शतकात सी. एस. लुईस यांनी स्तोत्रांवरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात या शंकेचा प्रामाणिकपणे परामर्श घेतला. ईश्वर स्वतःची स्तुती मागतो, ही कल्पना आरंभी त्यांनाही खटकली होती. पुढे त्यांच्या ध्यानात आले की मनुष्य ज्याचा मनापासून आनंद घेतो त्याची तो आपोआप वाखाणणी करतो आणि त्या वाखाणणीनेच आनंद पूर्णत्वास जातो. उत्तम गायन ऐकून उमटणारी दाद गायकावर केलेला उपकार नसते. ऐकण्याचाच तो शेवट असतो. खुशामतीत काही मिळवायचे असते, तर स्तुतीत मिळालेले ओळखायचे असते.

मराठी भूमीतील आविष्कार

ही स्तुती मराठीत प्रथम भव्य रूपात प्रकटली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी सुमारे ११,००० ओव्यांत बायबलमधील कथा गुंफली. १६१६ मध्ये हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. परदेशी धर्मोपदेशकाने स्तुतीसाठी येथील पुराणाचा घाट व ओवी स्वीकारली, ही घटना अर्थपूर्ण आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी मंडळ्यांमध्ये पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांचा बराच प्रभाव होता. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन व देशी चालींचा अवलंब केला. या प्रवाहास परिपक्व रूप दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी संतपरंपरा मागे टाकली नाही. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तचरणी आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांचे अभंग व पदे आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. स्तुती ही कृतज्ञतेची कबुली असेल, तर ती ज्या भाषेत माणूस रडतो व हसतो त्याच भाषेत व्हावयास हवी, हे टिळकांच्या काव्याने सिद्ध केले.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) याच प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार केला. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती सदनात राहून त्यांनी मूळ इब्री व ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद केला. संस्कृतप्रचुर शब्द व त्यांच्याशी निगडित तात्त्विक अर्थच्छटा टाळून अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळेल अशी सोपी मराठी त्यांनी योजली. हा अनुवाद त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून पूर्ण प्रसिद्ध झाला. टिळकांनी परंपरेचे शब्द जवळ केले, रमाबाईंनी ते पारखून घेतले. मार्ग भिन्न असले तरी स्तुती उच्चारणाऱ्यास तिचा अर्थ कळावा, ही तळमळ दोघांचीही होती.

दुःख व स्तुती

सुखात स्तुती सोपी असते. तिची खरी परीक्षा दुःखात होते. स्तोत्रसंहितेतील सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेक विलापांचा शेवट विश्वासात किंवा स्तुतीत होतो, परंतु अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखानेच संपते. संपादकांनी ते ग्रंथातून वगळले नाही. तक्रार करण्याचे धैर्य स्तुतीच्या कक्षेबाहेरचे नाही, असा याचा अर्थ होतो.

रमाबाईंच्या चरित्रातून हे अधिक स्पष्ट होते. दुष्काळाच्या काळात आईवडील व बहीण, पुढे भाऊ, १८८२ मध्ये पती व १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा असे वियोग त्यांच्या वाट्यास आले. तरीही ईश्वरवचनाचे मराठीकरण त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले. येथे स्तुतीने दुःख नाहीसे झाले, असे म्हणता येत नाही. दुःखास अंतिम शब्द मानण्याचे तिने नाकारले, एवढेच म्हणता येते.

स्तुतीची कसोटी

आमोस संदेष्ट्याने न्यायाविना गायिलेल्या गीतांना गोंगाट ठरविले व न्याय पाण्यासारखा वाहू द्यावा, अशी मागणी केली. ‘इब्री लोकांस पत्रा’च्या तेराव्या अध्यायात ओठांनी अर्पिलेला स्तुतीचा यज्ञ सांगितल्यावर लगेचच परोपकार व दानधर्म विसरू नये, असा उपदेश येतो. टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ मध्ये, मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घेण्याचा त्यांचा संकल्प होता. मुक्ती सदनात दुष्काळपीडित मुलींना आश्रय मिळाला. ओठांवरील स्तुतीचा आचरणात झालेला हा अनुवाद होय.

समारोप

सारांश, ख्रिस्ती श्रद्धेत स्तुती ही ईश्वराची गरज नसून माणसाची आहे. आपण स्वयंभू नाही हे मान्य करणे, ते इतरांसमवेत व आपल्या भाषेत उच्चारणे आणि ज्याचे ऋण मानले त्याच्या दुबळ्या लेकरांशी न्यायाने वागणे, ही तिची तीन अंगे होत. यांपैकी अखेरचे अंग गळून पडले, तर आरंभी उपस्थित केलेली खुशामतीची शंका खरी ठरते. म्हणूनच स्तुतीची सत्यता केवळ उपासनामंदिरात ठरत नाही. उपासना संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या वागण्यात ती ठरते.