सीमाभागातील सरंजाम (भाग ७) : वारस कोणाच्या हाती?

मागच्या आठवड्यात सरंजामी जमिनीचा हिशेब पाहिला. आज त्या जमिनीच्या वारसाकडे वळू. धनी वारला आणि मागे अज्ञान मूल उरलं, की जमिनीचं उत्पन्न कोण खातं, मुलाला कोण वाढवतं आणि त्याचं लग्न कोण ठरवतं, हे प्रश्न आपण घरगुती समजून बाजूला ठेवतो. माझ्या मते खरी सत्ता याच प्रश्नांत होती. सीमाभागाच्या दोन मुलांकडे पाहिलं तर ते स्पष्ट दिसतं. एक कित्तूरचा शिवलिंगप्पा. दुसरे निपाणीपासून जवळच असलेल्या कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव, म्हणजे पुढचे शाहू महाराज.

त्याआधी थोडं लांब जाऊ, कारण ही पद्धत सर्वांत उघडपणे दिसते ती नॉर्मन राजांच्या इंग्लंडमध्ये. तिथे लष्करी चाकरीच्या बदल्यात जमीन धरणारा उमराव वारला आणि वारस एकवीस वर्षांच्या आत असला, की तो मुलगा आणि त्याची जमीन दोन्ही वरिष्ठ धन्याच्या ताब्यात जात. मधल्या वर्षांचं उत्पन्न धन्याचं, आणि लग्न ठरवण्याचा हक्कही त्याचाच. हा हक्क विकलाही जाई. विल्यम मार्शल या अँग्लो-नॉर्मन सरदारपुत्राचं आयुष्य याच व्यवहारात गेलं. ११५२ मध्ये बापाने शब्द पाळावा म्हणून स्टीफन राजाने या लहान मुलाला ओलीस ठेवलं. बापाने शब्द मोडला, तरी राजाच्या मनात दया आली म्हणून मुलगा फासावरून वाचला. पुढे ११८९ मध्ये राजाच्या ताब्यात असलेल्या इझाबेल द क्लेअर या वारसदार मुलीशी त्याचं लग्न लावून दिलं गेलं आणि वेल्स व आयर्लंडमधली मोठी जहागीर त्याच्याकडे आली. १२१६ मध्ये तिसरा हेन्री नऊ वर्षांचा असताना गादीवर आला, तेव्हा राज्याचा पालक झाला तो हाच मार्शल. ज्याचा जीव कधीकाळी तारण होता, त्याच्याच हाती राजाचं बालपण आलं.

आता कित्तूर. देसाई शिवलिंगरुद्रसर्ज सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांनी शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं होतं. धारवाडचे कलेक्टर ठॅकरे यांना दत्तकपत्राच्या खरेपणाचा संशय आला. त्यांनी दत्तक अमान्य केलं आणि खजिन्यावर मोहोर व पहारा बसवला. २३ ऑक्टोबरच्या लढाईत ठॅकरे मारले गेले, डिसेंबरमध्ये कित्तूर पडलं, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत गेल्या. १८२९-३० मध्ये संगोळ्ळी रायण्णांनी बंड उभारलं ते याच मुलाला गादीवर बसवण्यासाठी. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इंग्लंडच्या कायद्यात दत्तकाला स्थान मिळालं ते थेट १९२६ मध्ये. रक्ताचा वारस नसेल तर जमीन धन्याकडे परत, हीच तिथली जुनी रीत. त्या मुशीतल्या अधिकाऱ्याला दत्तक हा धर्माने मिळालेला पुत्र न वाटता सरकारच्या मर्जीचा भाग वाटला, तर नवल नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इंग्लंडमध्ये राजाचे हे हक्क १६६० मध्येच कायद्याने संपले. मग धारवाडच्या कचेरीत त्यांची सावली कशाला शोधायची? शिवाय वारसाच्या मान्यतेसाठी नजराणा घेण्याची चाल आपल्याकडेही होतीच. सवाई माधवराव तर स्वतः पेशवे, पण नाना फडणवीसांच्या देखरेखीत वाढले आणि १७९५ मध्ये एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात त्यांचा अंत झाला. हे सगळं मला मान्य आहे. नॉर्मन कायदा जहाजात बसून बेळगावला आला, असं माझं म्हणणंच नाही. सवाई माधवरावांचं उदाहरण उलट माझाच मुद्दा पक्का करतं: राज्य गोऱ्याचं असो की आपलं, वारसाचं बालपण ज्याच्या ताब्यात, कारभार त्याचा. फरक एवढाच, की इंग्रज उमरावांनी १६६० मध्ये आपल्या मुलांची सुटका करून घेतली, आणि मुंबई इलाख्यात मात्र अज्ञान जमीनदारांच्या मालमत्ता सांभाळण्याचा कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सचा कायदा १९०५ मध्ये झाला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, कारण तो शाहू महाराजांच्या नावाने घेतला जातो. १७ मार्च १८८४ रोजी नऊ वर्षांचे यशवंतराव कोल्हापूरला दत्तक गेले. १८६२ च्या सनदेमुळे दत्तकाचा हक्क आता मान्य होता. पुढे राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग १८८९ पासून धारवाडला फ्रेझर यांच्या हाताखाली शिक्षण, आणि २ एप्रिल १८९४ ला मुखत्यारी. ज्या धारवाडच्या कलेक्टरने एका दत्तकपुत्राला नाकारलं होतं, त्याच गावी पासष्ट वर्षांनी दुसरा दत्तकपुत्र राज्य करायला शिकला. याच शिक्षणातून १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा काढणारा राजा घडला, मग ही पद्धत वाईट कशी, असं विचारलं जातं. फ्रेझर यांचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. महाराजांनीही ते कधी नाकारलं नाही. पण हीच पद्धत, हीच गादी आणि हेच सरकार असताना त्यांच्या आधीचे चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले आणि २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, विशीतच गेले. त्यांचा मृत्यू आणि यशवंतरावांचं दत्तकविधान यांत तीन महिन्यांचंही अंतर नाही. एकाला चांगला शिक्षक लाभला, आणि १८८६ पर्यंत जनक पिता जयसिंगराव घाटगे रीजंट म्हणून दरबारात होते. दुसऱ्याच्या बाजूने बोलणारं अधिकाराचं माणूस जवळ नव्हतं. त्याच्यासाठी लिहिणाऱ्या टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये डोंगरीचा तुरुंग पाहावा लागला. पद्धत चांगली असती, तर दोन मुलांचं नशीब पालक कोण मिळाला यावर इतकं टांगलेलं राहिलं नसतं.