फवाऱ्यानं लावलेलं अस्तर

पाकीट नवं होतं, मोठ्या शहरातल्या चांगल्या दुकानातून घेतलेलं. चार महिन्यांत घडीच्या रेषेवर आतलं अस्तर फुगलं आणि त्याला सुरकुत्या पडल्या. वाशीमला पाटणी चौकाच्या बाजूला पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसणाऱ्या एका गटई कारागिराकडे मी ते नेलं. काकांनी पाकीट उघडलं, मिटलं, अस्तरावरून अंगठा फिरवला. "सपाट ठेवून चिपकवलं यानं. घडी घालून चिपकवाले पायजे होतं."

त्या एका वाक्यापायी मी पुढचे कितीतरी दिवस त्या स्टॉलपाशी जाऊन बसलो.

काकांचं म्हणणं हिशेबानंही खरं ठरतं. पाकीट मिटलं की बाहेरचं चामडं मोठा वळसा घेतं आणि आतलं अस्तर लहान. चामडं २ मिलिमीटर जाड असेल, तर पूर्ण घडीत या दोन वळशांमध्ये ६ मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. पाकीट उघडं ठेवून अस्तर चिकटवलं, तर मिटताना हे जास्तीचं कापड जाणार कुठे? ते सुरकुतीत जातं, सुरकुती रोज घासते आणि वर्षाच्या आत तिथे भोक पडतं. म्हणून चामडं आधी वाकवायचं, त्याच वाकात अस्तर बसवायचं आणि उरलेली कड मग रापीनं कापायची. काकांकडे त्यासाठी प्लंबिंगच्या पाइपाचा एक तुकडा आहे. अस्तर आतल्या बाजूला ठेवून त्यावर चामडं गुंडाळत ते दाबत नेतात.

अस्तर लावायला आपल्याकडे पूर्वी खळ वापरत. चिंचोके शिजवून केलेली किंवा पिठाची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला सरसही होता. दोन्ही पाण्यात विरघळणारे, त्यामुळे पावसाळ्यात सुटायचे. अस्सल कोल्हापुरी चपलेनं हा प्रश्नच ठेवला नाही. तिचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. वाशीम त्यात नाही. आमच्याकडे चामड्याची मोठी पेठ कधी नव्हती. इथला कारागीर दुरुस्तीवर जगतो: चपला, पट्टे, दप्तरं, पाकिटं आणि पोळ्याच्या आधी बैलांचा साज.

नंतर आलं 'सोल्युशन'. १९३० साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झालं आणि पुढे त्याच जातीचे गोंद डब्यांतून जगभर चप्पल-बुटांच्या धंद्यात पोचले. तळ चिकटवायला त्याला तोड नाही. पण तेच ब्रशनं पातळ अस्तरावर लावा, की गोंद कापडातून वर झिरपतो, डाग पडतो, ब्रशचे ओरखडे चामड्यावर वळांसारखे उमटतात आणि वाळल्यावर पिशवी पापडासारखी ताठ होते. मऊ चामड्याचा सगळा गुण त्या थराखाली मरतो.

डब्यातल्या गोंदाच्या फवाऱ्याचं महत्त्व इथे आहे. बाहेर पडताना गोंदाचे बारीक थेंब आणि तंतू होतात आणि चामड्यावर त्यांची विरळ जाळी बसते. थर सलग नसतो, म्हणून चामडं वाकतं. द्रावकाचा बराच भाग हवेतच उडून जातो, त्यामुळे सुती किंवा रेशमी अस्तरही भिजत नाही. काकांनी एकदा जुन्या जाकिटाच्या बाहीचा तुकडा माझ्या हातात दिला. अर्ध्यावर ब्रशनं लावलेलं अस्तर होतं, अर्ध्यावर फवाऱ्यानं. डोळे मिटून मी तो चुरगाळला. कुठला भाग कुठला, हे बोटांना लगेच कळलं.

करायचं ते असं. चामड्याची आतली बाजू घासकागदानं हलकी खरडायची आणि धूळ झटकायची. तेलकट चामड्यावर गोंद धरत नाही, ते आधी पुसून घ्यायचं. जिथे गोंद नको तिथे जुनं वर्तमानपत्र लावायचं, नाहीतर दर्शनी बाजूवर बारीक ठिपके बसतात आणि त्यांवर धूळ साठत जाते. डबा एक वीत लांब धरून, हात न थांबवता, चामड्यावर एक आणि अस्तरावर एक असा फवारा मारायचा. मग थांबायचं. "बोट लावून पाहा. चिपकलं पायजे, पन बोटाले काई लागलं नाई पायजे."

हा थांबण्याचा वेळ डब्यावर मिनिटांत छापलेला असतो, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ च्या घरात जातो. तेव्हा गोंद चामड्यावर पडेपर्यंतच अर्धा वाळतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा तरंगतो. काका उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकतात. श्रावणात याच्या उलट होतं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि गोंदाची पकड जाते. अशा वेळी ते दुप्पट थांबतात.

दोन्ही बाजू वाळल्यावर एकमेकींना लागल्या की सरकवता येत नाहीत. म्हणून मध्ये बटरपेपर घालायचा, एक कड जुळवून दाबायची आणि कागद बोटभर-बोटभर मागे ओढत अस्तर खाली सोडत न्यायचं. हे पाहताना मी श्वास रोखून धरायचो.

श्वासाची गोष्ट निघालीच आहे, तर ती नीट सांगायला हवी, कारण मला या लेखात सगळ्यांत जास्त तीच सांगायची आहे. गटई कामगारांना समाजकल्याण खात्याच्या योजनेतून पत्र्याचे स्टॉल मिळतात. रस्त्यावर उन्हापावसात बसणाऱ्या माणसाला त्या चार पत्र्यांचा केवढा आधार आहे, हे मी पाहिलं आहे. पण या गोंदातल्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते आणि आमचा कारागीर मांडी घालून खालीच बसलेला असतो. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय बधिर होऊ लागले, चालताना पाय लटके पडू लागले. कारण निघालं गोंदातलं हेक्झेन, बंद खोलीत दिवसभर हुंगलं गेलेलं. ते लोकही आपल्या कारागिरांसारखेच लहान जागेत, खाली बसून काम करणारे होते. साधा कापडी रुमाल तोंडाला बांधून ही वाफ अडत नाही. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, उभं राहून फवारणं हाच आपल्या आवाक्यातला उपाय. योजनेच्या स्टॉलला मागच्या बाजूनं खालच्या अंगाला एक जाळी ठेवली, तरी पुष्कळ होईल. ही मागणी मी इथे मनापासून करतो.

आणि आग. फवाऱ्यातला ढकलणारा वायू बहुतेक वेळा पेट घेणारा असतो. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक काडीनं जाळून बसवायची सवय प्रत्येक कारागिराला असते. काका फवाऱ्याच्या दिवशी काडेपेटी शेजारच्या चहावाल्याकडे ठेवतात. डबा ५० अंशांवर तापू देऊ नये, असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. बंद पत्र्याच्या स्टॉलला मे महिन्यातल्या दुपारी तेवढं तापायला वेळ लागत नाही. म्हणून डबा रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जातो.

फवाऱ्याची ताकद मात्र बेतानंच जोखावी. त्यानं तळ चिकटत नाही. रेक्झिनला लावला, तर रेक्झिनमधलं मऊपणा देणारं तेल हळूहळू गोंदात उतरतं आणि काही महिन्यांत सगळं चिकट होऊन सुटतं. खऱ्या चामड्यावरही शिलाई पडेपर्यंत अस्तर जागेवर धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. पुढचं काम आरी आणि दोऱ्याचं.

पोळ्याला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा काकांकडे घुंगरमाळांची रांग लागलेली होती. चामड्याच्या पट्ट्यावर घुंगरं टाचलेली असतात आणि त्यांच्या दोऱ्यांच्या गाठी मागच्या बाजूला येतात. त्या बैलाच्या मानेला घासतात, कातडी सोलते. काकांनी एक पट्टा पाइपावर वाकवला, नमद्याची पट्टी कापली, दोन्ही घेऊन रस्त्याच्या कडेला गेले आणि वारा पाहून फवारा मारला. परत येऊन बसले. बोट लावून पाहिलं, पुन्हा थांबले. नमदा बसवून झाल्यावर पट्ट्याचा मालक पैसे काढू लागला, तर काकांनी हातानं थांबवलं. "बसा भाऊ. घामानं सुटते हे. अजून शिवाचं हाये." आणि गुडघ्यात पट्टा धरून त्यांनी कडेनं पहिलं भोक पाडलं.