वेगवान ब्राउझर आणि न उघडणारा सातबारा

परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत शासनाशी संबंधित कामांचा मोठा भाग आता आपले सरकार सेवा केंद्रांतून, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही 'सेतू' या जुन्या नावाने टिकून असलेल्या दुकानवजा कार्यालयांतून होतो. जिंतूरच्या शेतकऱ्याला सातबारा व आठ अ हवा असो, गंगाखेडच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो किंवा मानवतच्या कापूस उत्पादकाला पीक विमा उतरवायचा असो, ते काम शेवटी संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील एकाच प्रकारच्या प्रणालीतून पुढे सरकते आणि तिला ब्राउझर म्हणतात. संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावर साठवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात. त्या सर्व्हरकडे मागणी पाठवणे, तेथून आलेल्या संकेतांचे वाचण्याजोग्या पानात रूपांतर करणे आणि भरलेली माहिती परत पोहोचवणे ही ब्राउझरची तीन मुख्य कामे होत.

यांपैकी कोणता ब्राउझर सर्वांत वेगवान, असा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा चाचण्यांतील गुणांवरून दिले जाते. 'स्पीडोमीटर' ही अशीच एक प्रसिद्ध चाचणी असून तिची तिसरी आवृत्ती मार्च 2024 मध्ये ॲपल, गूगल, मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन प्रसिद्ध केली. यादीत नोंद करणे, ती खोडणे, आलेख काढणे अशा कृती ही चाचणी झपाट्याने करून पाहते आणि ब्राउझर त्यांना किती लवकर प्रतिसाद देतो हे मोजते. चाचणी प्रामाणिक आहे. पण ती मुख्यतः आधीच उतरवून घेतलेले पान ब्राउझरच्या आत किती चपळाईने हलते एवढेच तपासते, आणि पालम किंवा सोनपेठ येथील केंद्रचालकाची अडचण सहसा त्याच्या बऱ्याच आधी, पान येऊन पोहोचण्याच्या वाटेवर, सुरू झालेली असते.

शिवाय ज्यांची तुलना केली जाते ते ब्राउझर वाटतात तितके वेगवेगळे नाहीत. ब्राउझरच्या गाभ्यात दोन यंत्रणा असतात : एक पानाची मांडणी करून ते रंगवणारी, तर दुसरी जावास्क्रिप्ट ही संगणकीय भाषा चालवणारी, अर्जातील तालुका निवडल्यावर गावांची यादी आपोआप उघडते ती या दुसऱ्या यंत्रणेमुळे. सप्टेंबर 2008 मध्ये गूगलने क्रोम आणला तेव्हा त्यातील 'व्ही8' या जावास्क्रिप्ट यंत्रणेने वेगाची स्पर्धा खऱ्या अर्थाने पेटवली. 2013 मध्ये गूगलने ॲपलच्या वेबकिटपासून फारकत घेऊन 'ब्लिंक' ही स्वतःची मांडणी-यंत्रणा उभी केली, त्याच वर्षी ऑपेराने आपली जुनी यंत्रणा सोडून तिचा स्वीकार केला, आणि जानेवारी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एजनेही तोच गाभा पत्करला. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट आणि चेन्नईच्या झोहो कंपनीचा 'उला' हेही त्याच कुळातले. त्यामुळे क्रोम आणि एज यांच्या कच्च्या वेगाची तुलना करणे म्हणजे एकाच इंजिनाच्या दोन मोटारींच्या रंगांवरून वाद घालण्यासारखे आहे. खऱ्या अर्थाने वेगळ्या अशा दोनच यंत्रणा उरतात : फायरफॉक्सची 'गेको' आणि सफारीची 'वेबकिट'. आयफोनवर तर भारतात क्रोम घेतला तरी आतून वेबकिटच चालते, कारण ॲपलचा तसा दंडक आहे; युरोपीय संघात मात्र नव्या कायद्यामुळे तो मार्च 2024 पासून शिथिल करावा लागला.

पान येण्याच्या वाटेवर काय घडते, याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ब्राउझर प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता शोधतो, मग सर्व्हरशी जोडणी करतो, त्यानंतर मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून गुप्तलेखनाची बोलणी करतो आणि त्यापुढेच प्रत्यक्ष पान मागतो. म्हणजे पहिले अक्षर दिसण्याआधीच संदेशांच्या तीन-चार फेऱ्या होतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे परभणीपासून सुमारे 500 किलोमीटरवरच्या मुंबईतील सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीला तत्त्वतः 5 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग, पुरतात. परंतु तेच पान अमेरिकेतील सर्व्हरवर असेल तर प्रत्येक फेरीला 200 मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ जातो, आणि मोबाइलच्या मनोऱ्यावर गर्दी असेल किंवा रेंज क्षीण असेल तर हा विलंब कितीतरी पटींनी वाढतो. जोडणी आणि गुप्तलेखन या दोन फेऱ्या एकत्र करणारी एचटीटीपी-3 ही संदेशवहनाची पद्धत जून 2022 मध्ये प्रमाणित झाली. सर्व प्रमुख ब्राउझरांना ती येते, पण सर्व्हरनेही ती स्वीकारलेली असावी लागते, आणि हा निर्णय सर्वस्वी संकेतस्थळ चालवणाऱ्याचा असतो.

सर्व्हरवरचा भार हे दुसरे कारण. खरीप 2023 मध्ये राज्यात एका रुपयात पीक विमा सुरू झाला; 31 जुलै ही अर्जांची अंतिम तारीख होती आणि ती पुढे 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. सोयाबीन आणि कापसाच्या या जिल्ह्यात जुलैअखेरचे दिवस कसे जातात हे सर्वांना ठाऊक आहे : एकाच संकेतस्थळावर राज्यभरातून एकाच वेळी मागण्या येऊन पडतात, सर्व्हर त्या रांगेत उभ्या करतो आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. अशा वेळी ब्राउझर बदलून पाहण्याचा जो उद्योग केंद्रांवर चालतो, त्याने रांग तसूभरही पुढे सरकत नाही. उलट, पान पुन्हा पुन्हा ताजे करण्याने रांगेत नव्या मागण्यांची भर पडते.

ब्राउझरच्या निवडीने खरोखर फरक पडतो तो जुन्या संगणकावर. प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी, एकमेकींपासून तोडलेली प्रक्रिया चालवण्याची रचना क्रोमने रूढ केली आणि 2018 मध्ये सुरक्षेसाठी ती आणखी कडक केली. त्यामुळे एक पान कोलमडले तरी बाकीची टिकतात, पण स्मरणक्षमता, म्हणजे रॅम, जास्त खर्च होते. चार जीबी रॅमच्या संगणकावर पंधरा टॅब उघडे असतील तर कोणताही ब्राउझर अडखळणारच. न वापरलेले टॅब झोपवून ठेवण्याची सोय एजमध्ये आधी आणि क्रोममध्ये 2022 च्या अखेरीस आली, आणि ती चालू ठेवणे हा चाचणीतील दहा-वीस गुणांच्या फरकापेक्षा मोठा लाभ आहे. याहून गंभीर प्रश्न विंडोज 7 चा आहे : जानेवारी 2023 मधील 109 ही त्या प्रणालीवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती ठरली, तर फायरफॉक्सने 115 ही आवृत्ती अशा जुन्या यंत्रांसाठी वेगळी राखून तिला त्यानंतरही दीर्घकाळ सुरक्षा-दुरुस्त्या दिल्या. ज्या यंत्रावरून गावकऱ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती रोज भरली जातात, त्यावर दुरुस्ती बंद झालेला ब्राउझर वापरणे हा निष्काळजीपणा आहे, मग तो कितीही झपाट्याने उघडो.

जाहिरातींबाबतही असेच. बातम्यांच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर बातमीपेक्षा जाहिराती आणि वाचकाचा माग काढणाऱ्या आज्ञावली यांचेच वजन अधिक असते. जावास्क्रिप्टचे जनक ब्रेंडन आइक यांच्या ब्रेव्ह ब्राउझरमध्ये त्या मुळातच अडवलेल्या असतात. फायरफॉक्समध्ये त्या अडवणारी जोडप्रणाली, म्हणजे एक्स्टेन्शन, घालता येते, अगदी अँड्रॉइड मोबाइलवरसुद्धा. क्रोमने मात्र जोडप्रणालींचे नियम बदलल्यामुळे या कामातील जुनी, प्रभावी साधने तेथे चालेनाशी झाली. जाहिरातीच आल्या नाहीत तर तेवढा डेटा वाचतो आणि पान लवकर स्थिरावते.

उपयुक्ततेचा इतिहास मात्र वेगापेक्षा अधिक त्रासदायक आहे. शासनाच्या ई-निविदांना डिजिटल स्वाक्षरी लागते. ही स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये ठेवलेली असते आणि ती ब्राउझरमधून वापरण्यासाठी पूर्वी जावा ॲपलेट नावाची छोटी प्रणाली पानात चालवावी लागे. क्रोमने 2015 मध्ये आणि फायरफॉक्सने 2017 मध्ये सुरक्षेच्या कारणावरून अशा प्रणालींचा आधार काढून घेतला, त्यामुळे जगाने टाकून दिलेला इंटरनेट एक्सप्लोरर सरकारी कामांपुरता जिवंत राहिला आणि मायक्रोसॉफ्टने जून 2022 मध्ये तो निवृत्त केल्यावरही एजमध्ये त्याच्यासाठी वेगळी सोय ठेवावी लागली. स्वाक्षरीचाच दुसरा घोळ सातबाऱ्यात दिसतो. राज्यात 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, पण तो क्रोमसारख्या ब्राउझरच्या अंगभूत पीडीएफ-दर्शकात उघडल्यास स्वाक्षरी पडताळली जात नाही आणि तिच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते. उतारा खोटा असल्याची ती खूण नव्हे; पडताळणी करू शकणाऱ्या वेगळ्या पीडीएफ-प्रणालीत तोच उतारा उघडून स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला मान्यता दिली की शंका मिटते. भारतीय प्रमाणपत्रांना स्वतःच्या यादीत स्थान देणारा आणि टोकनने स्वाक्षरी करू देणारा देशी ब्राउझर तयार व्हावा, म्हणून केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये जी स्पर्धा जाहीर केली तिच्यामागे हीच अडचण होती. मार्च 2025 मध्ये तिचे 1 कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक झोहोला मिळाले.

मराठी वाचकासाठी आणखी एक कसोटी आहे, आणि ती कोणत्याही जागतिक चाचणीत नसते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खासगी फॉन्टवर चालत. तो फॉन्ट ज्या तंत्राने आपोआप उतरे ते इंटरनेट एक्सप्लोररचे असल्यामुळे इतर ब्राउझरांत बातमीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसे, आणि ती वाचण्यासाठी फायरफॉक्समध्ये 'पद्म' नावाची जोडप्रणाली घालावी लागे. ऑपेरा मिनी या साध्या फोनवरच्या ब्राउझरमध्ये तर देवनागरी मजकूर चित्ररूपात मागवण्याची एक लपलेली सोय होती, आणि कित्येकांनी मोबाइलवर पहिली मराठी ओळ अशी चित्र म्हणूनच वाचली. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीने हा गोंधळ बहुतांशी संपवला. अक्षरांची जोडणी करणारी 'हार्फबझ' ही मुक्त प्रणाली आज क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही वापरतात, त्यामुळे 'दऱ्या'मधील अर्धा र दोन्हींत सारखाच उमटतो. मराठी वळणाचा ल आणि श मात्र फॉन्टमध्ये ती रूपे असतील आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद संकेतस्थळाने केली असेल तरच दिसतात. ही एका ओळीची नोंद करण्याचा आळस मोठमोठ्या संस्थांच्या पानांवरही आढळतो आणि दोष ब्राउझरवर ढकलला जातो.

ब्राउझरांमधील आणखी एक खरा फरक सोयींमध्ये दिसतो. क्रोम इंग्रजी पानाचे जागच्या जागी मराठी भाषांतर करतो, ते कामापुरते ठीक असते, परंतु त्यासाठी पानातील मजकूर गूगलकडे जातो हे लक्षात ठेवावे. एजमध्ये मराठी मजकूर स्त्री किंवा पुरुष आवाजात मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे. दृष्टिहीन किंवा वाचनाची सवय नसलेल्या माणसासाठी तिचे मोल वेगापेक्षा कितीतरी अधिक आहे.

मोबाइलवरील कथा थोडक्यात सांगता येते. स्वस्त डेटा येण्यापूर्वी ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर यांचा बोलबाला होता, कारण ते पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर दाबून लहान करीत आणि मग फोनकडे पाठवीत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर डेटा वाचवण्याची निकड ओसरली आणि 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲपमध्ये यूसी ब्राउझरचाही समावेश झाला. दाबून पाठवण्याच्या पद्धतीत मजकूर मधल्या सर्व्हरवर उलगडला जातो, त्यामुळे बँकेचे किंवा आधारचे काम त्या पद्धतीत करू नये.

परभणीतील सेवा केंद्रचालकाने किंवा घरी बसून अर्ज भरणाऱ्याने वेगाच्या क्रमवाऱ्या बाजूला ठेवून दोन भिन्न कुळांतले ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा एज यांपैकी एक आणि त्याच्या जोडीला फायरफॉक्स, अद्ययावत ठेवावेत. पान दोन्हींत उघडले नाही तर दोष सर्व्हरचा किंवा जोडणीचा मानावा, एकातच अडले तर ब्राउझर बदलावा, आणि पीक विम्याचा अर्ज 31 जुलैची वाट न पाहता महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात भरावा.