पोरगी एनसीसीत नाव घालते म्हणते, तर…



जून-जुलै आला की आपल्या गटातल्या कितीतरी जणींच्या मुली कॉलेजात जातात. फी, पुस्तकं, एसटीचा पास यांचा हिशोब आपण गटाच्या बैठकीत करतोच. त्याच दिवसांत एखादी मुलगी घरी येऊन म्हणते, "आई, मी एनसीसीत नाव घालू का? संमतीपत्रावर सही लागते." आणि आपण म्हणतो, "ते कवायत-बिवायत नको गं, अभ्यास कर."

नाही म्हणायच्या आधी एवढं वाचा. मुलीला पुढे सैन्यात अधिकारी व्हायचं असेल, तर त्याचा एक रस्ता या फॉर्मपासून सुरू होतो. त्या रस्त्याला तीन वर्षं लागतात. पदवीच्या पहिल्या वर्षी नाव घातलं तर ती वर्षं शिक्षणाबरोबर पुरी होतात. उशीर झाला की ती भरून काढणं अवघड.

एनसीसी म्हणजे काय?

राष्ट्रीय छात्र सेना. १९४८ साली कायदा करून ती सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग आला. कॉलेजातल्या मुलींच्या विभागाला सीनियर विंग म्हणतात. आठवड्यात ठरलेल्या दिवशी परेड असते. कवायत, रायफल चालवणं, नकाशा वाचणं, प्रथमोपचार, पूर-आगीच्या वेळी मदत कशी करायची, हे शिकवतात. वर्षातून एकदा साधारण दहा दिवसांचं शिबिर होतं. तिथे मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि सोबत महिला प्रशिक्षक असतात.

यासाठी वेगळी फी नसते. गणवेश सरकारकडून मिळतो किंवा त्याचे पैसे मुलीच्या खात्यात जमा होतात. म्हणून तिच्या नावाचं बँक खातं आणि आधार नीट जोडलेलं ठेवा.

"मग लढाई झाली तर आमच्या पोरीला पाठवतील का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. एनसीसीत गेलं म्हणून सैन्यात जायचं बंधन नाही. कायद्यातच तसं आहे.

प्रत्येक कॉलेजात एनसीसी नसते आणि जिथे असते तिथेही जागा ठरलेल्या असतात. धावणं, उंची-वजन आणि थोडी तोंडी परीक्षा घेऊन मुली निवडतात. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा, "इथे मुलींची एनसीसी आहे का? निवड कधी आहे?"

'सी' प्रमाणपत्र का महत्त्वाचं?

दोन वर्षं पुरी केली की 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा आणि तिसऱ्या वर्षी 'सी'ची. परीक्षेला बसायचं तर परेडला ७५ टक्के हजेरी आणि ठरलेली शिबिरं लागतात. लग्नसराई, कापणी, घरचं आजारपण यासाठी आपण मुलीला वारंवार घरी ठेवलं, तर हजेरी जाते आणि प्रमाणपत्रही जातं.

सैन्यात अधिकारी व्हायला एरवी आधी लेखी परीक्षा द्यावी लागते. पण 'सी' प्रमाणपत्रात 'ए' किंवा 'बी' श्रेणी आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असतील, तर एनसीसी विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. वय १९ ते २५. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज चालतो.

आता खरं सांगायचं तर या योजनेत मुलींच्या जागा अगदी बोटांवर मोजण्याइतक्या असतात. म्हणून मुलीने दुसरा रस्ताही धरावा. केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस परीक्षा वर्षातून दोनदा होते. मुलींना तिची फी नाही. त्यांना इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच पेपर द्यावे लागतात. एनसीसीत जे अंगी बाणलं ते पुढच्या मुलाखतीत तिथेही कामाला येतं.

पाच दिवसांची मुलाखत

या मुलाखतीला एसएसबी म्हणतात. ती पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बऱ्याच जणी परत येतात. उरलेल्यांच्या लेखी मानसशास्त्रीय चाचण्या, गटचर्चा, गटाने अडथळे पार करणं आणि समोरासमोर मुलाखत होते. आपण गटाचा अध्यक्ष निवडताना काय बघतो? कोण चारजणींना सोबत घेते, कोण अडचणीत डोकं शांत ठेवते, कोणाचा शब्द पक्का. तिथेही हेच बघतात. फरक एवढाच की मुलीला इंग्रजीत बोलायची सवय हवी. ती पहिल्या वर्षापासून लावावी.

राहणं-जेवण तिथे फुकट असतं. त्या योजनेतून पहिल्यांदाच जात असेल तर रेल्वेचं भाडंही मिळतं.

निवड झाली की लष्करी दवाखान्यात तपासणी होते. डोळे, कान, दात, वजन, रक्त, सगळं. आपल्याकडे मुलींचं रक्त कमी असणं नेहमीचं. म्हणून आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या.

पुढे काय मिळतं?

अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. चेन्नईची अकादमी यातली जुनी. प्रशिक्षणाच्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन असतं. नंतर लेफ्टनंट म्हणून नेमणूक होते. नोकरी आधी दहा वर्षांची, ती चौदापर्यंत वाढू शकते. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्कही मान्य केला.

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली काश्मीरमध्ये शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांची आई असताना चेन्नईच्या या अकादमीतून २०१७ साली अधिकारी होऊन बाहेर पडल्या. शहिदांच्या पत्नींसाठी वयाची अट वेगळी असते. आपल्या मुलींसाठी मात्र एक अट कडक आहे: अर्ज करताना आणि प्रशिक्षण संपेपर्यंत मुलगी अविवाहित हवी.

इथेच खरी गोम आहे. दुसऱ्या वर्षाला स्थळ आलं, "चांगलं घर आहे, नंतर मिळायचं नाही" म्हणून आपण लग्न उरकलं, की तीन वर्षांची परेड, शिबिरं, प्रमाणपत्र असूनही हा रस्ता बंद होतो. सही करताना घरातल्या सगळ्यांशी हे बोलून घ्या. सासू-सासरे, दीर, मामा, ज्यांचा शब्द घरात चालतो त्यांच्याशीही.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

"तीन लाख द्या, पोरीला अधिकारी करून देतो" म्हणणारे गावोगाव फिरतात. यातल्या कुठल्याच टप्प्यावर पैसे देऊन निवड होत नाही. अशा माणसासाठी गटातून कर्ज उचलू नका आणि मैत्रिणीलाही उचलू देऊ नका. एसएसबीच्या तयारीसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे निवडलेल्या मुलामुलींना राहणं, जेवण आणि शिकवणं मोफत आहे. एनसीसी 'सी' प्रमाणपत्रावर किंवा सीडीएस पास होऊन एसएसबीला जाणाऱ्यांना तिथे अर्ज करता येतो. चौकशी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा.

निवड नाही झाली तर?

बहुतेकींची होणार नाही, हे आधीच मनाशी ठरवा. पण पदवी तर हातात आहेच. 'सी' प्रमाणपत्राला काही भरत्यांमध्ये जादा गुण मिळतात. जाहिरात नीट वाचायची. आणि चारचौघांत न घाबरता बोलणारी मुलगी कुठल्याही मुलाखतीत मागे पडत नाही.

येत्या मासिक बैठकीत एक काम करा. यंदा कोणाकोणाच्या मुली अकरावीला किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला जाताहेत, त्यांची नावं लिहून काढा. अकरावीपासूनही काही कॉलेजांत सीनियर विंगमध्ये घेतात. दोघी-तिघींनी मिळून कॉलेजात जा, एनसीसीच्या शिक्षकांना भेटा आणि निवडीची तारीख विचारून ग्रामसंघाच्या फळ्यावर लिहा. परेड सकाळी लवकर असते आणि पहिली एसटी चुकते, ही अडचण बहुतेक गावांत येईल. एकाच गावच्या मुली असतील तर त्यांच्या जाण्या-येण्याची सोय मिळून करा. एकटीला घरचे पाठवत नाहीत, चौघींना पाठवतात.