दोन आकडे, एक समीकरण आणि २७ गावं

"अगं, तू गणितवाली ना? मग सांग, डोंबिवलीची लोकसंख्या दुप्पट कधी होणार?" लेडीज डब्यात एका पायावर उभ्या असलेल्या मैत्रिणीने परवा मला विचारलं. म्हटलं, चला, आज हेच करू.

लोकसंख्या दरवर्षी ठरावीक पटीने वाढते असं धरलं, तर घातांकी फलन मिळतं:

लोकसंख्या = अ × ब^क

इथे 'अ' म्हणजे सुरुवातीची संख्या, 'ब' म्हणजे दरवर्षीची पट आणि 'क' म्हणजे गेलेली वर्षं. अज्ञात दोन, म्हणून माहितीचे आकडेही दोनच पुरतात.

आधी शेजारचं ठाणे घेऊ. जनगणनेनुसार महापालिका क्षेत्रात २००१ मध्ये १२.६२ लाख लोक होते, २०११ मध्ये १८.४१ लाख. २००१ ला क = ० धरू. कशाचाही शून्यावा घात १, म्हणून अ = १२.६२. आता

१२.६२ × ब^१० = १८.४१
ब^१० = १.४५९

दहावं मूळ काढलं की ब = १.०३८५. म्हणजे वर्षाला ३.८५ टक्के वाढ आणि साधारण १८ वर्षांत दुप्पट.

पण समीकरण आलं म्हणजे ते खरं, असं नाही. तपासायला तिसरा आकडा लागतो. क = −१० ठेवला तर १९९१ साठी ८.६५ लाख येतात. प्रत्यक्षात होते ८.०३ लाख. म्हणजे आधीच्या दशकात वाढ जास्त वेगाची होती, नंतर ती मंदावली. 'ब' स्थिर नाही.

आता आपलं कल्याण-डोंबिवली: २००१ मध्ये ११.९३ लाख, २०११ मध्ये १२.४७ लाख. तीच रीत वापरली की ब = १.००४४. दुप्पट व्हायला दीडशेहून जास्त वर्षं! मैत्रीण एवढी हसली की शेजारच्या काकूंनी वळून पाहिलं.

गडबड गणितात नाही, आकड्यांत आहे. २००२ मध्ये २७ गावं महापालिकेतून वगळली गेली. २०१५ मध्ये ती परत आली. म्हणजे पहिला आकडा गावांसकट, दुसरा गावांशिवाय. आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वक्ररेषेवर बसवल्या. दोन बिंदू कधीच तक्रार करत नाहीत. त्यांच्यातून रेषा जातेच.

हा नुसता वहीतला खेळ नाही. २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही, पुढची २०२७ मध्ये आहे. तोवर पाणी किती लागेल, शाळा किती हव्यात याचे अंदाज अशाच जुन्या आकड्यांवरून पुढे न्यावे लागतात. 'ब' चुकला, तर पाइपलाइन कमी पडते.

म्हणून समीकरण मांडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: दोन्ही वेळी आपण मोजलं ते एकच होतं का?