आपले प्रकरण नियमात बसत नाही

बँकेतल्या सदतीस वर्षांत मी कितीतरी माणसांना ‘आपले प्रकरण नियमात बसत नाही’ असे सांगितले असेल. बहुतेक वेळा नरमाईने. आणि आता कबूल करायला हरकत नाही, क्वचित फायलीतून मान वर न करता. तेच वाक्य २०२५ च्या ऑक्टोबरात मला माझ्या लॅपटॉपने ऐकवले.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. फक्त त्यातली भोके बुजवणाऱ्या फुकटच्या दुरुस्त्या थांबतात. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना कंपनीने वर्षभराची सवलत दिली खरी. पण मुदतवाढ म्हणजे काय, हे बँकवाल्याला कोणी सांगायला नको. विंडोज ११ घ्यायला गेलो तर पडद्यावर उत्तर आले : आपला प्रोसेसर पात्र नाही. इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. माझा सातव्या पिढीचा. निवृत्तीच्या पैशांतून जून २०१७ मध्ये घेतलेला! आठवी पिढी बाजारात यायला त्याच वर्षीचा ऑगस्ट उजाडला. दोन महिन्यांनी हुकलो.

“बाबा, नवीन घ्या ना. मी इथूनच ऑर्डर करते,” पुण्याहून लेक म्हणाली. तिचे चुकले नव्हते. पण त्या यंत्रात तिच्या आईचे टंकलेखन होते.

माझे अक्षर शाखेत कुप्रसिद्ध होते. त्यामुळे माझ्या सगळ्या कादंबऱ्या हिने टाइप केल्या. मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा पास झालेली बाई. बोटांना टाइपरायटरचीच सवय. म्हणून तशीच कळरचना देणारे एक जुने मराठी सॉफ्टवेअर तिने शेवटपर्यंत सोडले नाही. आणि टाइप करताना मजकुराच्या मध्येच, चौकोनी कंसात, ती मला सुनवायची. शेवटच्या कादंबरीची दोनशेच्या आसपास पाने झाली होती. २०२१ मध्ये ती गेली. त्यानंतर त्या फाइलला मी हात लावला नव्हता.

सामायिक रिक्षाने मी आधी उल्हासनगर गाठले. अंबरनाथ पश्चिमेच्या माणसाला काहीही बिघडले की कॅम्प नंबर पाचकडेच तोंड करायची सवय आहे. निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या या गावाबद्दल ‘मेड इन यू.एस.ए.’चा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. पण ‘हे होणार नाही’ हे वाक्य तिथल्या गल्ल्यांत मी क्वचितच ऐकले. दुकानातला मुलगाही म्हणाला, “अंकल, हो जाएगा. विंडोज ११ को पता ही नहीं चलेगा.” म्हणजे तपासणीला बगल देऊन आत घुसवायचे. असे खरोखरच करता येते आणि चालतेही. पण अशा यंत्रांना पुढच्या दुरुस्त्या मिळण्याचा हक्क राहणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवले आहे. मंजुरीशिवाय दिलेला ओव्हरड्राफ्टच हा! चालतो तोवर चालतो. मी चहा पिऊन परत आलो.

आमच्याच मजल्यावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा राहतो. त्याने यंत्र उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाला, “काका, लिनक्स टाकूया.”

लिनक्सची जन्मकथा मला त्या रात्री वाचायला मिळाली. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातल्या संगणकासाठी ती लिहायला घेतली. आपल्याकडे आहे त्या जातीच्या हार्डडिस्कशिवाय दुसऱ्या कशावर ती बहुधा कधीच चालणार नाही, असे त्याने स्वतःच जाहीर केले होते. पुढे जगभरच्या लोकांनी आपापली यंत्रे तिच्यापुढे आणून ठेवली. कित्येकदा यंत्र बनवणारी कंपनी आतले गुपित सांगेना. मग बाहेरून टकटक करून, आतून काय उत्तर येते ते पाहून, या मंडळींनी त्याची भाषा शिकून घेतली. संगणकाचा मुख्य कारभारी आणि एखादा सुटा भाग यांच्यामधल्या या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. ‘पात्र नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘शक्य नाही’ असा नसतो. दुभाष्याचा पगार द्यायला कोणी तयार नाही, एवढाच असतो.

रविवारी सकाळी मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. “काका, बॅकअप आहे ना?”

“आहे तर! पेनड्राइव्हवर, २०२१ पासून.”

“दाखवा.”

त्याने उघडला. फाइल दिसत होती, नाव बरोबर होते. वजन मात्र दोन केबी! दोनशे पानांची कादंबरी दोन केबीत मावत नाही. मी कादंबरी नव्हे, डेस्कटॉपवरचा तिचा शॉर्टकट, म्हणजे घराऐवजी घराच्या पत्त्याची चिठ्ठी, इतकी वर्षे कपाटात कुलूप लावून जपली होती. मुलगा काही बोलला नाही. त्याने खऱ्या फाइलच्या दोन प्रती केल्या, दोन्ही उघडून पाहिल्या, आणि मग मला पाणी आणून दिले.

पुढचे काम मी समजत होतो तितके भयंकर नव्हते. यंत्र सुरू होताना एक कळ दाबून ठेवायची, सिक्युअर बूट नावाचा पहारा काही वेळ उठवायचा, आणि हार्डडिस्कला धक्का न लावता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहायचे. त्याने ‘लिनक्स मिंट’ची हलकी आवृत्ती आणली होती. चित्र उमटले, आवाज आला. वायफाय मात्र नाही. त्या चिपचा दुभाष्या निराळा आणावा लागणार होता. तो इंटरनेटवर, आणि इंटरनेटला वायफाय हवे! पोराने माझा मोबाइल चार्जिंगच्याच वायरने लॅपटॉपला जोडला, मोबाइलचे नेट त्यात ओतले आणि पाच मिनिटांत दुभाष्या उतरवून घेतला. मग कुठे पक्की प्रतिष्ठापना झाली.

मध्येच काळा पडदा आला, त्यावर लुकलुकणारी रेघ. मी नकळत पुढे झालो आणि ‘एलएस’ अशी दोन अक्षरे दाबली. फायलींची यादी खाली उतरली. मुलगा चकित! आमच्या शाखेतल्या पहिल्या संगणकावर युनिक्स होते, आणि लिनक्सची घडण युनिक्सच्याच धर्तीची. त्या संगणकाविरुद्ध आम्ही आधी शाखेच्या दारात घोषणाही दिल्या होत्या, हे त्याला सांगितले नाही.

संध्याकाळी कादंबरीची फाइल उघडली. पडद्यावर कंस, टक्के आणि डोक्यावर टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरे! माझ्या छातीत धस्स झाले. पण हेही कोडे सुटण्यातले होते. देवनागरीला संगणकात स्वतःचे हक्काचे क्रमांक युनिकोडने दिले. जुनी सॉफ्टवेअर मात्र रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर आपापल्या फाँटमधली मराठी अक्षरे, खरे तर अक्षरांचे तुकडे, बसवत. तो फाँट नसला की खालची रोमन मंडळी उघडी पडतात. जुन्या डिस्कवरून मुलाने फाँटची फाइल शोधली, नव्या जागी नेऊन ठेवली, आणि पान पुन्हा उघडले.

पहिल्याच पानावर कंस होता : ‘अहो, ही बाई कालच विधवा झाली आहे. आज तिला सिनेमाला नेऊ नका.’

मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. मग म्हणाला, “काका, मी उद्या येतो.”

यंत्र आता नीट चालते, अगदी नीट नाही. झाकण मिटले की झोपते, ते पुष्कळदा उठत नाही. बोटाचा ठसा ओळखत नाही. भाषा मराठी केल्यावर ‘ल’ आपला, पाकळीचा दिसतो, हिंदीतल्यासारखा नाही, हे मात्र मला फार आवडले.

जुन्या फाँटमधला मजकूर दिसतो, पण त्यात शब्द शोधता येत नाही, प्रकाशकही तो घेत नाहीत. म्हणून युनिकोडमध्ये आणणे भाग आहे. ते काम करणारा प्रोग्राम रफार भलत्याच अक्षरावर ठेवतो, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांचा चुथडा करतो. रोज दोन-तीन पाने मी हाताने दुरुस्त करतो. कंसांचे काय करायचे ते ठरवलेले नाही; तूर्त तेही तपासून, शुद्ध करून, तसेच ठेवतो आहे. सध्या ४२ व्या पानावर आहे. तिथे तिने लिहिले आहे, ‘इथे मला झोप आली.’