नाव एक, पत्ते अनेक : क्लोजर भाषेतील 'नेमस्पेस'

'मुरुड' म्हटले की कोकणातील माणसाला जंजिरा किल्ला आठवतो, तर मराठवाड्यातील माणसाला लातूर तालुक्यातील गाव. 'नायगाव' हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे आणि सातारा जिल्ह्यातील सावित्रीबाई फुले यांचे जन्मगावही. म्हणूनच पाकिटावर नुसते गावाचे नाव पुरत नाही. तालुका, जिल्हा लिहावा लागतो. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये हेच काम 'नेमस्पेस' करते.

रिच हिकी यांनी २००७ मध्ये जगासमोर आणलेली 'क्लोजर' ही फंक्शनल प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. पुण्यात सुरू झालेल्या हेल्पशिफ्ट कंपनीने आपल्या सेवेसाठी तिचा वापर केला. त्यामुळे नोकरीसाठी पुण्याची वाट धरणाऱ्या नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांनाही ती परकी राहिलेली नाही. या भाषेत प्रोग्रॅम म्हणजे लहान लहान फंक्शन्सची जुळणी असते. त्यांतील बरीच फंक्शन्स इतरांनी लिहिलेल्या लायब्ररींतून येतात. साहजिकच एकाच नावाची दोन फंक्शन्स समोरासमोर येण्याचा संभव असतो.

आणणे वेगळे, हाक मारणे वेगळे

येथे दोन क्रिया घडतात. पहिली, लायब्ररीची फाइल शोधून ती स्मृतीत आणणे. हे काम 'रिक्वायर' करते. नेमस्पेसच्या नावातील प्रत्येक टिंब म्हणजे एक फोल्डर. नावात आडवी रेघ असेल, तर फाइलच्या नावात तिच्या जागी अधोरेषा लागते. ती न दिल्याने 'फाइल सापडत नाही' हा संदेश नवशिक्यांना हमखास छळतो.

दुसरी क्रिया म्हणजे आणलेल्या फंक्शनला हाक मारणे. 'अ‍ॅज' लिहून लायब्ररीला छोटे नाव देता येते आणि प्रत्येक फंक्शनआधी ते लावता येते. 'रेफर'ने निवडक नावे थेट आपल्या नेमस्पेसमध्ये घेता येतात. 'यूज' मात्र लायब्ररीतील सगळीच नावे एकदम आत आणते.

घोळ कोठे होतो?

'रिव्हर्स' हे फंक्शन क्लोजरच्या गाभ्यात आहे आणि मजकुरासाठीच्या 'स्ट्रिंग' लायब्ररीतही. एखादा शब्द दिल्यास पहिले उलट क्रमाने सुट्या अक्षरांची यादी देते, तर दुसरे सलग उलटा शब्द. 'यूज'ने दुसरे आत आले की पहिल्याची जागा घेते. संगणक इशारा देतो, पण काम थांबवत नाही. प्रोग्रॅम पुढे चालतो. उत्तर मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे येऊ शकते.

आज नसलेला संघर्ष उद्या उद्भवू शकतो. २०१५ मध्ये क्लोजरच्या १.७ या आवृत्तीत 'अपडेट' हे नवे फंक्शन गाभ्यात आले. त्याच नावाचे फंक्शन लायब्ररीतून सरसकट आत घेणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये इशारे झळकू लागले. ज्यांनी लायब्ररीचे छोटे नाव लावून हाक मारली होती, त्यांच्या ओळींना धक्का लागला नाही.

म्हणून 'रिक्वायर' आणि 'अ‍ॅज' ही जोडी रूढ झाली आहे. चार अक्षरे जास्त लिहावी लागतात; पण वर्षभराने तो प्रोग्रॅम वाचणाऱ्या सहकाऱ्याला प्रत्येक फंक्शन कोठून आले हे तत्काळ कळते. शिवाय ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला आणि मुरुड जागेवरच असताना त्याचा जिल्हा बदलला, तसा लायब्ररीचाही पत्ता बदलू शकतो. अशा वेळी फाइलच्या माथ्यावरील एकच ओळ दुरुस्त करावी लागते. खालच्या शेकडो ओळी तशाच राहतात.